शर्टांचा पडदा

चामराजपेटेत भाद्रपद कॅलेंडरच्या आधी फुटपाथवर येतो. आमच्या रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्र्यांखाली गणपती दाटीवाटीनं बसायला लागतात. काही रंगवून झालेले, काही अजून ओल्या मातीचे, डोळे न काढलेले. मार्केटकडून येणाऱ्या रिक्षांतून केळीचे खुंट बाहेर डोकावतात आणि वळणावर शेजारच्या रिक्षेला घासून जातात. पाऊस येतो म्हणेपर्यंत थांबतो, आणि थांबला म्हणून कापड वाळत घालावं तर पुन्हा चार थेंब शिंपडून जातो. इथल्या पावसाचा स्वभावच तसा. भांडणार नाही आणि ऐकणारही नाही.

मला तो आवडतो. या दिवसांत माझे हात शिवशिवायला लागतात. दुकानाचं शटर वर करून मी रंगांची झाकणं उघडते, वर्षभरात घट्ट झालेल्या पांढऱ्यात थोडं पाणी घालून ढवळते, आणि तो एक श्रावण येऊन माझ्या शेजारी बसतो. मी बसू देते. त्याच्याशी माझं वाकडं नाही. वाकडं आहे ते दुसऱ्यांशी, आणि ते अजून मिटलेलं नाही.

दुकान माझ्या नवऱ्याचं. माधव रबरी शिक्के आणि पत्र्याचे साचे बनवायचा. धान्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचं नाव उमटवायचं असो की लॉरीच्या मागे नंबर रंगवायचा असो, लोक त्याच्याकडे यायचे. घर मागे, दुकान पुढे, मध्ये एक दार. आमची घराणी या गावात इतक्या पिढ्यांपूर्वी आली की मूळ गाव कोणतं विचारलं तर प्रत्येक काका वेगळं सांगतो. मराठी घरात आणि कानडी रस्त्यावर, असा आमचा जन्म गेला. माधवनं आयुष्यभर अक्षरं कापली ती बहुतेक कानडीच. ती गोल, पोटात पोकळी असलेली. पत्र्यातून कापताना मध्ये एक बारीक दांडी राखावी लागते, नाहीतर पोटातला तुकडा गळून पडतो आणि अक्षराच्या जागी नुसतं भोक राहतं. हे मी त्याच्याकडून शिकले. तो होता तोवर मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. ‘अहो’ आणि ‘ऐकलंत का’ यावर आमचा संसार पार पडला. आता मी त्याचं नाव घेते, लिहिते, दुकानात एकटी असले तर मोठ्यानं बोलतेही. कोणाला चालत नसेल तर न चालो.

दोन रस्ते सोडून आमच्या समाजाचा हॉल आहे. तिथे दर वर्षी गौरी बसतात. शेजारच्या कानडी घरांतली गौर गणपतीच्या आदल्या दिवशी येते, आमच्या गौरी त्याच्यानंतर, जोडीनं. त्या जोडीच्या मागे जो कापडी पडदा लागायचा तो आम्ही दोघं करायचो. माधव साचे कापायचा, मी रंग लावायची. जाड खादीवर साच्यानं वेल, रबरी ठशांनी बुट्टे, फाटलेल्या साड्यांचे जरीकाठ कापून शिवलेली किनार, मध्येच आरशाची टिकली. केळीचा दांडा आडवा चिरला की आत जाळी दिसते, ती रंगात बुडवून कापडावर दाबली की जणू मधमाश्यांनी काम केलंय असं वाटतं. भेंडीची फुलं होतात. माधवला रबरापेक्षा हे भाज्यांचे ठसे आवडायचे. दर वर्षी पडदा नवा. हॉलमध्ये बायका गौरी आल्या का असं विचारण्याआधी सुधाचा पडदा आला का, असं विचारायच्या. मला त्याचा गर्व होता. आहे.

माधव एका चैत्रात गेला. छातीचं दुखणं बरेच दिवस चाललं होतं. त्या वर्षी सण नव्हते. माणूस गेल्यावर वर्षभर घरात सण करत नाहीत, आणि तसंही मला कशाचं भान नव्हतं. माझी मुलगी मैथिली इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, तिथेच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. ती मला घेऊन गेली. तिच्या खिडकीतून उड्डाणपुलावरच्या गाड्या दिसायच्या, सकाळी एका दिशेनं, संध्याकाळी दुसऱ्या. तिनं माझे खूप लाड केले. पण त्या घरात पडलेला रंगाचा एक डाग नव्हता, की ज्याच्याकडे बघून काहीतरी आठवावं. मी परत आले.

वर्ष सरलं, वर्षश्राद्ध झालं. पुढचा श्रावण लागला तसं माझ्या अंगात जरा प्राण आला. मी खादी आणली, धुऊन तिची खळ काढली, गॅलरीत वाळत घातली आणि हॉलमधून निरोप यायची वाट बघत बसले. निरोप आला नाही. प्रमिला आली.

प्रमिला माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि समाजाच्या महिला शाखेची अध्यक्ष. बाकी सगळे तिला प्रमिलाक्का म्हणतात. डब्यातून कोसंबरी, भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, घेऊन आली होती. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग मैथिलीच्या लग्नाची. मग वाळत घातलेल्या कापडाकडे तिची नजर गेली आणि तिथून परत आली.

“सुधे, पडद्याचं या वर्षी आम्ही बघतो. तू आता स्वल्प आराम कर.”

मी म्हटलं, मला आराम नकोय, आराम करून करून अंग आंबलंय.

तिनं डब्याचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं. “तसं नव्हे गं. गौरीचं काम आहे. सवाष्णींनी करायचं असतं. मला स्वतःला काही वाटत नाही, पण चार जणी बोलतात. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून मीच आले.”

मी ‘सरी’ म्हटलं. ठीक आहे म्हणायचा हा कानडी शब्द आम्ही दिवसातून किती वेळा वापरतो. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, फोनवर. तोंडातून आपोआप बाहेर पडतो. प्रमिला सुटल्यासारखी हसली, माझ्या हातावर हात ठेवला आणि गेली. डबा ठेवून गेली. कोसंबरी आंबून जाईपर्यंत मी तो डबा उघडला नाही.

त्या दुपारी मला आई आठवली. ती अगदी तरुणपणी विधवा झाली. घरी हळदीकुंकवाला बायका जमल्या की ती स्वयंपाकघरात असायची. पन्हं तिनं करायचं, ट्रे मी बाहेर न्यायचा, आणि पन्हं छान झालंय हे कौतुक ऐकून मीच आत तिला सांगायचं. तिचा हात चित्रकाराचा होता. दारात रांगोळी काढायची तिला परवानगी नव्हती, म्हणून ती परातीत कणीक पसरून त्यात बोटानं काढायची. कमळ काढायची, वेल काढायची, मान वळवून मागे बघणारा मोर काढायची. मी बघतेय हे लक्षात आलं की हसायची, त्यावर पाणी ओतायची आणि मळायला घ्यायची. त्या पोळ्या आम्ही खाल्ल्या. तिचे सगळे मोर आमच्या पोटात गेले. ती कधी रडली नाही, कधी कोणाला काही म्हणाली नाही, आणि सगळे तिला किती समजूतदार म्हणायचे. मला त्या दुपारी तो शब्द इतका कडू लागला की मी उठून चूळ भरली.

मग मी माधवचं कपाट उघडलं.

मैथिलीचं म्हणणं होतं की शर्ट कुठल्यातरी संस्थेला द्यावेत. मी आज देते, उद्या देते करत राहिले होते. माधव सुती शर्ट घालायचा, चौकड्यांचे, रेघांचे, आणि त्यातल्या एकाचीही बाही स्वच्छ नव्हती. प्रत्येक मनगटावर काळा, पिवळा, पोस्टाच्या पेटीचा लाल. आयुष्यभर मी ते डाग घासले, ते गेले नाहीत. आता मी एकेक शर्ट जमिनीवर पसरला, हात लांब केलेले, पालथे. वाटलं होतं कात्री चालणार नाही. पहिल्या शिवणीला जीव जड झाला, मग चालली. पाठीचा तुकडा मोठा निघतो, बाह्यांचे उलगडून चौकोन होतात. खिसे मी तसेच ठेवले. काज-बटणांच्या पट्ट्याही तशाच. खादीवर ते तुकडे मांडत गेले तसं ते शेतांसारखं दिसायला लागलं, वरून बघितलेल्या, बांध घातलेल्या. गौरी त्यातूनच तर येतात.

शनिवारी मैथिली आली. दारातच थांबली. जमिनीवर बाबा तुकड्यातुकड्यांत पडलेले बघून तिचा चेहरा पांढरा झाला.

“आई, हे काय केलंस? बाबांचे शर्ट कापलेस?”

मी तिला प्रमिला काय म्हणाली ते सांगितलं. तिला राग आला, पण तो तिच्या पिढीचा राग, झटकून टाकणारा. म्हणाली, सोडून दे ना, कशाला जायचं अशा लोकांकडे, त्यांचा प्रॉब्लेम आहे, तू तुझी पीस ऑफ माइंड का घालवतेस. तू माझ्याकडे चल, आपण तिथे वीकेंडला पॉटरी करू. मी म्हटलं, मला पॉटरी करायची नाही. मला गौरीचा पडदा करायचाय. तो लावणार कुठे, असं तिनं विचारलं. मला तोवर माहीत नव्हतं, विचारल्यावर कळलं.

“दुकानात. शटर उघडं टाकून. आपले मुखवटे आहेत ना घरात, त्या गौरी या वर्षी देवघरात बसणार नाहीत, रस्त्याकडे तोंड करून बसतील. हळदीकुंकू मी करणार. मी लावणार.”

पसाऱ्याच्या कडेला बसून तिनं एक निळा चौकड्यांचा शर्ट उचलला, जो मी अजून कापला नव्हता, आणि पर्समध्ये घातला. मी तिला अडवलं नाही. मग तिनं बाह्या वर केल्या आणि विचारलं, कटर कुठे आहे.

साच्यांसाठी पत्रा मला कापता येत नाही. त्याला माधवच्या मनगटाचा जोर हवा. माधव छोट्या कामांना एक्स-रेची फिल्म वापरायचा. ती पाण्यानं भिजत नाही, दुमडत नाही, आणि कटर तिच्यातून लोण्यातून गेल्यासारखा जातो. ओळखीचे लोक जुने एक्स-रे त्याला आणून द्यायचे आणि तो ते धुऊन निळसर पारदर्शक करून ठेवायचा. मी सगळं दुकान शोधलं, एकही शिल्लक नव्हता. होते ते कपाटाच्या मागे, मोठ्या खाकी पाकिटात. माधवचे स्वतःचे. शेवटच्या वर्षातले, छातीचे.

मैथिलीनं माझ्याकडे बघितलं. मी पाकीट उघडलं. खिडकीच्या उजेडात धरल्यावर त्या काळ्या फिल्मवर त्याच्या बरगड्या उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंनी वळलेल्या, केळीच्या पानांच्या शिरांसारख्या. एका बाजूला ते पांढरं धुकं, ज्याच्याकडे बोट दाखवून डॉक्टर हळू आवाजात बोलले होते. मैथिलीनं विचारलं की ह्या धुवायच्या का. मी नको म्हटलं. तशाच ठेवल्या. त्यावर खडूनं तेरड्याचं फूल काढलं, त्याची लांबट पानं काढली, आणि कापलं. जिथे फूल तिथे आता आरपार भोक होतं, आणि भोवती माधवच्या बरगड्या. मैथिली कापत होती तेव्हा तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता, तिच्या बापाला यायचा तसा. पाकळ्यांच्या मध्ये ती दांडी राखत होती. मी शिकवलं नव्हतं. लहानपणी दुकानात बसून नुसतं बघितलं होतं तिनं.

मग रंग. साच्यावर ब्रश ओढायचा नसतो, ओढला की रंग कडेखाली झिरपतो. स्पंजाचा तुकडा रंगात टेकवायचा, जास्तीचा कागदावर टिपायचा आणि मग हलक्या हातानं ठोकत जायचं. साचा उचलताना श्वास आपोआप थांबतो. आधीच्या वर्षांत मी हिरवा, पिवळा, जांभळा जास्त वापरायची. लाल फक्त ठिपक्यापुरता. त्या श्रावणात मी लालचा मोठा डबा आणला. माझ्या कपाळावर तोवर काळी टिकली होती, कोणी सांगितलं नव्हतं तरी मीच लावत होते. मी ठरवलं की लाल आता कुठे कमी पडू द्यायचा नाही. तेरडे लाल झाले. केळीच्या दांड्याची जाळी लाल झाली. त्याच्या मनगटावरचे जुने डाग त्या लालात असे मिसळले की कोणते त्याचे आणि कोणते माझे ते आता मलाही सांगता येत नाही.

शेवटी राहिली ती गौरीची पावलं. आमच्याकडे गौर पावलांवरून घरात येते. ती पावलं दारापासून कुंकवानं काढायची असतात, आणि ती काढायचा मान घरच्या सवाष्णीचा. त्यांना साचा लागत नाही. मूठ वळायची, करंगळीकडची बाजू रंगात बुडवून टेकवायची, झालं पाऊल. वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके. आईच्या हातानं झालेली पावलं मी कधी बघितली नाहीत. मी मूठ वळली. ती मूठ बघून माझं मलाच हसू आलं, कारण ती पावलासाठी वळलीय की कोणाला मारायला, ते कळत नव्हतं. मी ती लालात बुडवली आणि पडद्याच्या खालच्या कडेपासून वर, माधवच्या खिशांवरून, बटणांवरून, पावलं उमटवत गेले.

गौरीच्या दिवशी आम्ही शटर वर केलं. मैथिलीनं पडद्याला मागून इस्त्री करून रंग पक्का केला होता. पितळी मुखवटे घासून उभे केले, साड्या नेसवल्या, मागे तो पडदा. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा हळू व्हायला लागल्या. मी लाल कुंकू लावलं होतं, आरशात बघून, नीट गोल. आमच्या गल्लीतल्या बायकांना मी आदल्या दिवशी घरोघरी जाऊन बोलावणं केलं होतं आणि सरळ सांगितलं होतं की कुंकू मी लावणार आहे, चालत असेल तिनं यावं. काही जणींनी दार लावताना फार गोड बोलून लावलं.

सगळ्यात आधी नागम्मा आली, ती फुलं द्यायला. नागम्मा कोपऱ्यावर फुलं विकते. तिचा नवरा मी तिला ओळखायला लागण्याआधीच वारला होता. फुलांची टोपली पायरीवर ठेवून ती खाली उभी राहिली. मी तिला वर ये म्हटलं. तिनं मान हलवली, “ब्याड अक्का,” नको म्हणाली, आणि आपल्या रिकाम्या कपाळाकडे बोट दाखवलं, जणू मला दिसलं नसेल. मी कानडीत तिला एवढंच सांगितलं की माझंही तसंच आहे, बघ. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. चपला काढल्या आणि वर आली. मी कुंकू लावलं तेव्हा तिनं डोळे घट्ट मिटले होते, डोळ्यांत औषध घालताना लहान मुलं मिटतात तसे. मग ती बसून राहिली. फुलांचं गिऱ्हाईक ओरडून गेलं तरी उठली नाही.

दुपारपर्यंत दुकान भरलं. गर्दी नव्हती, पण भरलं. ज्या यायच्या नव्हत्या त्या समोरच्या फुटपाथवरून दोनदा गेल्या. मैथिली ओबट्टू, इकडच्या पुरणपोळ्या, वाढत होती. पडद्याजवळ उभं राहून बायका खिशांत बोटं घालून बघत होत्या, काही आहे का.

प्रमिला उन्हं उतरताना आली. रेशमी साडी, हॉलमधून निघालेली, बरोबर समितीच्या दोघी. ती पडद्यासमोर उभी राहिली आणि तिनं ओळखलं. एका तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, हा त्यांचा समाजाच्या सहलीतला शर्ट ना. मी हो म्हटलं. तिचे डोळे भरले. ते खरे होते, मी तिला लहानपणापासून ओळखते. मग पदरानं नाक टिपून ती म्हणाली की पडदा अप्रतिम झालाय, इथे रस्त्याच्या धुळीत कशाला, उद्यापासून हॉलमध्ये लावू.

मी विचारलं, “आणि मी?”

ती त्या दोघींकडे बघायला लागली.

“पडदा हवा असेल तर तो करणारी बाईही येईल, प्रमिला. पुढे, गौरीसमोर. नुसता पडदा मिळणार नाही.”

मी करंडा उचलला आणि तिच्यासमोर धरला. तिचं कपाळ माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, त्यावर हॉलमधलं कुंकू होतं. तिनं हसायचा प्रयत्न केला. “मी आत्ताच तिकडे लावून आले गं,” म्हणाली. सवाष्ण बाई एका दिवसात दहा घरी कुंकू घेते हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी करंडा खाली ठेवला. या वेळी मी सरी म्हटलं नाही.

त्या रात्री मला लागलं, फार लागलं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण सकाळी उठले तेव्हा शरीरात कुठेतरी एक गाठ सुटलेली होती. आईला कधी कोणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं, कारण तिनं कधी हात पुढेच केला नव्हता. मी हात पुढे केला आणि त्यांना नाही म्हणावं लागलं. मोठ्यानं, माझ्या दुकानात, माझ्या गौरींसमोर.

त्याला आता काही वर्षं झाली. हॉलमध्ये हल्ली छापील फ्लेक्स लावतात, चकचकीत कमळं असलेला. माझ्या दुकानात श्रावणातल्या दुपारी बायका जमतात. पहिल्या वर्षी नागम्मा आणि तिची बहीण आली, मग हळूहळू वाढत गेल्या. एक जण बँकेत आहे, तिचा घटस्फोट झालाय आणि तिला तेच तेच विचारणाऱ्या नातेवाइकांचा तिला वीट आलाय. कॉलेजातली एक मुलगी आहे, तिला फक्त फुकट रंग मिळतात म्हणून ती येते. तेही कारण चांगलंच आहे. नवरे असलेल्याही येतात. कोण काय आहे हे आम्ही विचारत नाही. प्रत्येकीनं घरून एखादं कापड आणायचं, कोणाचं ते सांगायचं असेल तर सांगायचं. कोणी आईचं लुगडं आणतं, कोणी न झालेल्या बाळासाठी विणलेलं टोपडं. एकदा एक बाई, नवरा धडधाकट असलेली, त्याचा शर्ट घेऊन आली आणि म्हणाली की यावर कात्री चालवायची फार दिवसांची इच्छा होती. आम्ही पोट धरून हसलो. भेंड्या चिरतो, दांड्याच्या चकत्या करतो, रबर कोरतो, आणि बोलतो. रंग वाळेपर्यंत बोलायलाच लागतं.

काल दुपारी मी एकटी होते. पावसानं बायका यायच्या थांबल्या होत्या. प्रमिला छत्री मिटत आत आली, साध्या सुती साडीत. मधल्या वर्षांत आम्ही बोलत होतो, लग्नांत, बारशांत, हवापाण्याचं. दुकानात मात्र ती त्या दिवसानंतर पहिल्यांदा पाऊल टाकत होती. तिनं खुर्चीवरचे कपड्यांचे तुकडे बाजूला केले आणि बसली. समितीनं ठरवलंय, म्हणाली, या वर्षी पडदा सुधानंच करायचा. फ्लेक्सला कोणी वळून बघत नाही. मी विचारलं, पूजेच्या वेळी मी कुठे असेन? ती म्हणाली, सुरुवातीला जरा मागे बस, मग हळूहळू सगळ्यांना सवय होईल. मी म्हटलं, मागे बसण्याची सवय आमच्या घरात एका बाईला होती, ती तिच्याबरोबर संपली.

तिनं टेबलावरच्या साच्यावरून बोट फिरवलं. मग उठली. मला वाटलं, निघाली. तिनं बाहेर बघितलं. रस्ता रिकामा होता, गणपतींवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या. ती माझ्याजवळ आली आणि डोक्यावरचा पदर मागे सारून तिनं कपाळ पुढे केलं.

“लाव,” म्हणाली.

माझा हात करंड्याकडे गेला, हे खरं. शाळेत आम्ही एकमेकींच्या वेण्या घातल्या होत्या. हात गेला आणि मी तो परत घेतला.

“आत्ता नाही, प्रमिला. रस्ता रिकामा असताना नाही. गौरीच्या दिवशी ये. इथे सगळ्या जणी असतील, तेव्हा त्यांच्या देखत लावीन.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर नको येऊस.”

तिचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत. तिनं छत्री उघडली. पायरी उतरून ती खाली थांबली आणि माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “तुझ्याकडची पूजा असते केव्हा?”

“भर दुपारी,” मी म्हटलं.